मुलीच्या गुडघ्याजवळ हाडात डाग निघाला: साधा की घातक, हे डॉक्टर ठरवतात कसं?

मुलीचा_बाबा

नमस्कार. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. खेळताना गुडघा मुरगळला, सूज आली, म्हणून एक्स-रे काढला. फ्रॅक्चर नाही, पण गुडघ्याच्या जरा वर मांडीच्या हाडात एक डाग दिसला. रिपोर्टमध्ये असं लिहिलंय:

"फीमरच्या खालच्या मेटाफिसिसमध्ये, मागच्या-बाहेरच्या बाजूला, कॉर्टेक्सला लागून, एक्सेंट्रिक, वेल-डिफाइन्ड लिटिक लीजन, आकार २.४ × १.२ सेंमी, स्क्लेरोटिक मार्जिन. पेरिऑस्टियल रिॲक्शन नाही. सॉफ्ट टिश्यू मास नाही. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाची शक्यता. क्लिनिकल कोरिलेशन करावे."

त्या जागी आधी कधी दुखल्याचं तिला आठवत नाही. मुरगळलेलं आता उतरलंय, ती पुन्हा उड्या मारतेय. झोप उडाली आहे ती आमची दोघांची.

एक डॉक्टर म्हणाले, "हे वाढत्या वयात दिसतंच. हात लावायचा नाही, काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे बघू." दुसरे म्हणाले, "शंका कशाला ठेवायची? बायोप्सी करून टाकू, लगेच करता येईल." घरी येऊन वाचायला बसलो तर ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, समोर आला. वय दहा ते वीस, जागा गुडघ्याजवळ, तीही मेटाफिसिसमध्येच. म्हणजे वय तेच आणि जागाही तीच! मग एका काळ्या-पांढऱ्या फोटोवरून पहिले डॉक्टर इतक्या खात्रीने कसे बोलतात? बायोप्सीचा निकाल शेवटचा असतो ना, मग ती आधीच का करू नये? आणि एमआरआयमध्ये एक्स-रेपेक्षा जास्त दिसतं, तर सगळ्यात आधी तोच का काढत नाहीत?

इथे मला निदान नकोय. ते फिल्म बघूनच होणार, एवढं कळतं. हे दोघे कशावरून काय ठरवतात ते समजून घ्यायचंय, म्हणजे पुढच्या भेटीत मुद्द्याचं विचारता येईल.

काळी_पांढरी_फिल्म

बाबा, मी रेडिओलॉजिस्ट आहे, हाडांच्या फिल्म वाचणं हे माझं रोजचं काम. तुमच्या मुलीची फिल्म मी पाहिलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल काही ठरवणार नाही. पण प्रश्न अगदी नेमका विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

वय आणि जागा जुळली म्हणून तुम्ही हादरलात. पण त्याच वयात, त्याच जागी नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे तंतुमय ऊतीचा निरुपद्रवी डागही होतो, आणि तो ऑस्टिओसार्कोमापेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. बहुतेक मुलांना तो होऊन गेल्याचा पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच कारणासाठी एक्स-रे काढला की दिसतो. वय आणि जागा यांवरून फक्त संशयितांची यादी तयार होते. त्या यादीतलं नेमकं कोण, हे बघायला मी आधी डागाची कड पाहते. डाग संपून चांगलं हाड जिथे सुरू होतं, ती रेषा.

हाड जिवंत असतं. आत काही हळूहळू वाढत असेल तर हाडाला वेळ मिळतो आणि ते त्याच्याभोवती नवं हाड रचतं. एक्स-रेवर ही बारीक पांढरी किनार दिसते. तुमच्या रिपोर्टमधलं 'स्क्लेरोटिक मार्जिन' म्हणजे हीच. 'लिटिक' म्हणजे हाड कमी झाल्याने काळा दिसणारा डाग, 'एक्सेंट्रिक' म्हणजे मधोमध नसून एका बाजूला. वाढ जरा जास्त वेगाने होत असेल तर कड रेखीव राहते, पण पांढरी किनार नसते. आणखी वेग असेल तर कड पुसट होते, डाग नक्की कुठे संपला त्यावर बोट ठेवता येत नाही. आणि सगळ्यात जोरात पसरणाऱ्या आजारात एकसंध डागच नसतो. वाळवी लागलेल्या लाकडासारखी बारीक बारीक भोकं असतात आणि मधेमधे हाड शिल्लक असतं. युइंग सार्कोमा (हाडाचा आणखी एक कॅन्सर), लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर), भडकलेला जंतुसंसर्ग हे असे दिसतात. ग्विलिम लॉडविक या अमेरिकन रेडिओलॉजिस्टने १९८० मध्ये या पायऱ्या पद्धतशीर मांडल्या, आणि आज इतकी यंत्रं हाताशी असूनही आम्ही त्याच वापरतो. कड बघून नाव कळत नाही, वाढीचा वेग कळतो. मला आधी वेगच हवा असतो.

मग हाडावरचं आवरण, म्हणजे पेरिऑस्टियम. सावकाश वाढणाऱ्या गोष्टीवर ते एकच जाड, घट्ट थर घालतं. वेगाने वाढणाऱ्या गोष्टीपुढे ते टिकत नाही. एकावर एक पापुद्रे चढतात, किंवा हाडाला काटकोनात किरणांसारख्या रेघा उभ्या राहतात, किंवा आवरण उचललं जाऊन कडेला फक्त एक त्रिकोण उरतो. त्याला कॉडमनचा त्रिकोण म्हणतात. अर्नेस्ट कॉडमन हे बॉस्टनचे सर्जन, हाडांच्या सार्कोमांची नोंदवही त्यांनी १९२० च्या सुमारास सुरू केली. हा त्रिकोण दिसला की कॅन्सरच असं मात्र नाही, जंतुसंसर्गातही तो दिसतो. तुमच्या रिपोर्टमध्ये 'पेरिऑस्टियल रिॲक्शन नाही' हे तीन शब्द आहेत. लिहिणाऱ्याने ते मुद्दाम शोधलं आणि नाही म्हणून नोंदवलं, म्हणजे फिल्म काळजीपूर्वक वाचली आहे.

डागाच्या आत काय आहे तेही बघायचं. ढगासारखा पुसट पांढरेपणा असेल तर गाठ स्वतःच हाड बनवतेय. बारीक कडी आणि कंस दिसले तर आत कूर्चा आहे. घासलेल्या काचेसारखा एकसारखा राखाडी रंग असेल तर फायब्रस डिस्प्लेशियाचा विचार होतो. ऑस्टिओसार्कोमात बहुतेक वेळा या सगळ्याची सरमिसळ असते: पुसट कड, फुटलेला कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कडक कवच), ढगाळ हाड, बाहेर आलेला मांसल गोळा. वय आणि जागा तीच असली तरी फिल्मवरचं चित्र एकदम वेगळं असतं.

जागेबद्दल थोडं. हाडाचं टोक म्हणजे एपिफिसिस, त्याला लागून दांडीकडचा पसरट भाग मेटाफिसिस आणि मधली दांडी डायफिसिस. वाढीची पट्टी (हाडाची लांबी जिथे वाढते ती जागा) अजून उघडी असलेल्या मुलाच्या एपिफिसिसमध्ये डाग असेल तर कॉन्ड्रोब्लास्टोमा (कूर्चेची साधी गाठ) किंवा जंतुसंसर्ग. पट्टी बंद झालेल्या वीस ते चाळीस वयाच्या माणसात अगदी सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत भिडलेला, पांढरी किनार नसलेला डाग असेल तर जायंट सेल ट्यूमर (सहसा कॅन्सर नसलेली गाठ). मुलाच्या दंडाच्या हाडात वरच्या टोकाला, मधोमध, पाणी भरलेली पोकळी असेल तर साधी सिस्ट. ती मोडली तर हाडाचा एक कपचा खाली तळाशी जाऊन बसतो. असा कपचा दिसला की आत द्रव आहे हे नक्की, घन गाठीत तो खाली पडूच शकत नाही. लांब हाडाच्या दांडीत किंवा कमरेच्या हाडात, पाच ते पंचवीसच्या दरम्यान, पुसट डाग आणि ताप असेल तर युइंग की ऑस्टिओमायलायटिस (हाडाचा जंतुसंसर्ग), हा पेच चांगल्या चांगल्यांना पडतो. दोन्हींत ताप येतो, दोन्हींत ईएसआर (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) वाढतो.

कड बघून फसवणूक कुठे होते तेही सांगते, नाहीतर हे फारच सोपं वाटेल. जंतुसंसर्ग आणि लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस (एका प्रकारच्या पेशी साचण्याचा आजार) कॅन्सर नसलेल्या वर्गात असूनही कधीकधी भयानक दिसतात. उलट, हळू वाढणारा (लो-ग्रेड) कॉन्ड्रोसार्कोमा, म्हणजे कूर्चेचा कॅन्सर, शांत दिसतो, एनकॉन्ड्रोमा या कूर्चेच्या साध्या गाठीशी हुबेहूब जुळतो. तिथे दुखणं, आकार, आतून कॉर्टेक्स किती खरवडलाय, हे सगळं एकत्र मांडावं लागतं. आणि चाळिशीनंतर हिशेबच बदलतो.

आता एमआरआय. साधा एक्स-रे हा हाडाच्या गाठीचं निदान करायला आजही सगळ्यात उपयोगी आहे, असं मी रोज रुग्णांना सांगते. एमआरआय कशासाठी, तर गाठ मज्जेत किती वर चढली, स्नायूंत गेली का, नस आणि रक्तवाहिनी किती जवळ आहे, हे कळण्यासाठी. पण कड, किनार, आतलं कॅल्शियम एमआरआयवर नीट दिसत नाही. वर, काही निरुपद्रवी गोष्टींभोवती एवढी सूज दिसते की बघणारा घाबरतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा (हाडाची छोटी साधी गाठ), कॉन्ड्रोब्लास्टोमा, साधं स्ट्रेस फ्रॅक्चर ही तिन्ही एमआरआयवर राक्षसी दिसू शकतात. माझ्याकडे लोक एमआरआयची सीडी घेऊन येतात आणि एक्स-रे घरी ठेवतात. त्यांना मी परत पाठवते, आधी एक्स-रे आणा म्हणून. दोन बाजूंचा, समोरून आणि कडेने. आणि त्याच हाडाचा एखादा जुना एक्स-रे घरात कुठे असेल तर तो आधी शोधा. दोन तारखांच्या दोन फिल्म शेजारी लावल्या की वेग डोळ्यांनी मोजता येतो, त्याच्यासारखी तपासणी नाही.

स्लाइडखालचं_हाड

मॅडमनी फिल्मची बाजू लिहिली, मी सुईच्या पलीकडची लिहितो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बाबा, 'बायोप्सीचा निकाल शेवटचा' हे तुमचं वाक्य वाचून राहवलं नाही.

हाडाच्या बाबतीत मायक्रोस्कोप एकटा पुरेसा नसतो. उदाहरण बघा. फ्रॅक्चर भरून येताना जो कॅलस बनतो, त्यातला पहिल्या काही आठवड्यांचा तुकडा स्लाइडवर घ्या. भराभर विभागणाऱ्या मोठाल्या पेशी, त्यांच्या मधे नुकतं तयार झालेलं कच्चं गुलाबी ऑस्टिऑइड. तो तुकडा फ्रॅक्चरचा आहे हे ज्याला सांगितलेलं नाही, त्याच्या मनात ऑस्टिओसार्कोमा येणारच. स्नायूत मार लागून बनणाऱ्या मायोसायटिस ऑसिफिकन्सचंही तसंच. त्याच्या मधोमध टोचलं तर कच्च्या पेशी मिळतात, कडेला टोचलं तर पक्कं हाड. फिल्मवर मात्र फरक स्पष्ट असतो: मायोसायटिस बाहेरून आत पिकत येतो, म्हणून त्याची कड आधी पांढरी होते.

तुमच्या मुलीच्या डागाशेजारचीच एक जागा सांगतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला मागच्या-आतल्या बाजूला, पोटरीच्या स्नायूचं मूळ जिथे चिकटतं, तिथे खेळणाऱ्या मुलांमध्ये स्नायूच्या सततच्या ओढीने हाड खरबरीत होतं. त्याला कॉर्टिकल डेस्मॉइड म्हणतात. ही गाठ नाही, आपोआप जाते. पण कोणी उत्साहाने तिथला तुकडा काढला तर स्लाइडवर तो सार्कोमासारखा दिसू शकतो, आणि मग ज्याला काहीच झालेलं नव्हतं त्या मुलाच्या मागे काय काय लागेल याचा विचार करा. म्हणून काही डाग असे आहेत की त्यांना सुई लावायचीच नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये सुचवलेला नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा त्याच यादीत बसतो, फिल्मवरचं चित्र नमुनेदार असेल तर.

माझ्या टेबलावर हाडाचा नमुना आला आणि सोबत नुसतं 'पायाची गाठ, कृपया निदान द्यावे' एवढंच असलं, तर मी फोन उचलतो. वय काय, कुठलं हाड, कुठला भाग, फिल्म कुठे आहे? फिल्म बघितल्याशिवाय हाडाच्या गाठीचा रिपोर्ट सही करत नाही. ऑर्थोपेडिक सर्जन, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट या तिघांचं मत जुळलं तरच निदान पक्कं. एकाचं जरी वेगळं पडत असेल तर थांबायचं आणि पुन्हा बघायचं.

आता ज्यांना बायोप्सी खरंच लागते त्यांच्यासाठी. ती छोटी गोष्ट समजू नका. अमेरिकेतले हेन्री मॅनकिन यांनी १९८२ मध्ये ३२९ आणि १९९६ मध्ये पुन्हा ५९७ रुग्णांच्या बायोप्सींचा हिशेब मांडला. पुढचं मोठं ऑपरेशन जिथे होणार नाही अशा ठिकाणी बायोप्सी उरकली गेली, तर चुका आणि गुंतागुंती कितीतरी पटींनी वाढतात, असं दोन्ही वेळा निघालं. काहींचा वाचू शकणारा पाय कापावा लागला. कारण सरळ आहे. सुई ज्या वाटेने गेली त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात, त्यामुळे गाठ कॅन्सरची निघाली तर ती वाटही ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर कापून काढावी लागते. छेद आडवा घेतला, सुई भलत्याच स्नायूतून किंवा सांध्यातून घातली, आत रक्त साचून पसरलं, की कापायचा भाग वाढत जातो. म्हणून नियम असा की आधी एमआरआय, कारण नंतर काढला तर बायोप्सीचंच रक्त आणि सूज त्यात दिसते. छेद घ्यायचा तर उभा. आणि बायोप्सी त्याच टीमने करायची किंवा ठरवायची, जी पुढे ऑपरेशन करणार.

आणि नमुन्याचा एक भाग कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, जायलाच हवा. गाठ वाटली तरी कल्चर पाठवा आणि जंतुसंसर्ग वाटला तरी बायोप्सी पाठवा, हे आमच्याकडे पहिल्या वर्षापासून शिकवतात. हाडाचा क्षयरोग गाठीसारखा दिसतो आणि तो औषधांनी बरा होतो, तो चुकवून चालणार नाही.

रिपोर्टला वेळ का लागतो म्हणून नातेवाईक वैतागतात, त्याचंही सांगतो. हाड कडक असतं, कॅल्शियम काढून मऊ केल्याशिवाय पातळ काप निघत नाही. तीव्र ॲसिडने घाईघाईने मऊ केलं तर पेशींतलं डीएनए खराब होतं आणि मग जनुकीय तपासणी होत नाही. युइंगमध्ये ११ आणि २२ क्रमांकाच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल सुमारे ८५ टक्के रुग्णांत सापडते. जायंट सेल ट्यूमरमध्ये हिस्टोनच्या जनुकातला ठरावीक बदल बहुतेक वेळा सापडतो. या तपासण्यांनी अडलेली निदानं सुटतात, पण नमुना सांभाळला असेल तरच. चार दिवस जास्त लागले तर लागू द्या.

रात्रीचा_ठणका

डॉक्टरांनी ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं नाव घेतलं म्हणून लिहितोय, मला तो होता. नडगीत. दिवसा फारसं नाही, रात्री मात्र ठरलेल्या वेळी ठणका सुरू व्हायचा आणि साधी वेदनाशामक गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात असा उतरायचा की जणू नव्हताच. घरचे म्हणायचे अभ्यास टाळतोय.

एक्स-रेवर नडगीचा कॉर्टेक्स एका बाजूने जाड दिसत होता, एवढंच. एमआरआयमध्ये मज्जेत मोठी सूज, रिपोर्टमध्ये तीन शक्यता आणि त्यातली एक वाचून आईने हाय खाल्ली. मग एका ज्येष्ठ ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी इतर काही विचारायच्या आधी मला विचारलं, "गोळी घेतल्यावर थांबतं का?" हो म्हटल्यावर त्यांनी पातळ कापांचा सीटी काढायला सांगितला. त्या जाड कॉर्टेक्सच्या आत एक छोटा गोल काळा ठिपका, त्याच्या मधे अजून बारीक पांढरा ठिपका. त्याला निडस म्हणतात. सीटीच्या मदतीने सुई घालून रेडिओफ्रीक्वेन्सीने तो जाळला. पुढच्या काही रात्रींतच ठणका गेला.

काका, तुमच्या मुलीला असं रात्रीचं दुखणं नाही हे वाचून बरं वाटलं. पण डॉक्टरांना दुखण्याची वेळ आणि ते कशाने थांबतं हे सांगायला विसरू नका. माझ्या बाबतीत त्या एका उत्तराने मार्ग सापडला.

काळी_पांढरी_फिल्म

हे फार महत्त्वाचं लिहिलंस. निडस सहसा दीड सेंटीमीटरपेक्षा लहान असतो आणि एमआरआयच्या सुजेत हरवतो, म्हणून सीटी. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, महाग तपासणी म्हणजे चांगली तपासणी असं नाही.

दुखण्याबद्दल पालकांनी लक्षात ठेवायचं ते असं. खेळल्यावर दुखतं आणि विश्रांतीने थांबतं, ते बहुतेक वेळा स्नायूचं किंवा लिगामेंटचं. पण बसल्या जागी, रात्री झोपेतून उठवणारं, आठवड्यागणिक वाढत जाणारं, एकाच हाडावर बोट ठेवून दाखवता येणारं दुखणं असेल तर एक्स-रे काढायचाच, मार लागल्याचं आठवत असलं तरी. ऑस्टिओसार्कोमाच्या कितीतरी मुलांच्या बाबतीत 'खेळताना लागलं' यावरच आठवडे जातात. मुलं रोजच पडतात, त्यामुळे मार लागल्याची आठवण प्रत्येकाकडे असते. आणि दुखणं असंच चालू असेल तर पहिला एक्स-रे ठीक आला म्हणून तिथे थांबू नका. हाडातलं खनिज तीसेक ते पन्नास टक्के जाईपर्यंत साध्या एक्स-रेवर मज्जेतला डाग दिसत नाही. अशा वेळी मात्र एमआरआय लवकर काढावा.

धाकटी_सून

ताई, तुम्ही वर लिहिलंत की चाळिशीनंतर हिशेब बदलतो. माझ्या सासूबाई बासष्ट वर्षांच्या आहेत. पाठदुखी होती, मणक्यात आणि कमरेच्या हाडात डाग निघाले. बोन स्कॅन जवळपास नॉर्मल आला म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, आणि आता डॉक्टर रक्ताच्या आणखी तपासण्या सांगताहेत. बोन स्कॅन नॉर्मल असताना कशासाठी?

काळी_पांढरी_फिल्म

कारण बोन स्कॅनवर गाठ दिसत नाही, गाठीला उत्तर म्हणून हाड जी नवी बांधणी करतं ती दिसते. मल्टिपल मायलोमात (मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) हाड खाल्लं जातं पण नवी बांधणी जवळजवळ होतच नाही, त्यामुळे डाग असूनही स्कॅन शांत येऊ शकतो. तुमचे डॉक्टर अगदी बरोबर करताहेत. रक्तातलं प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, या तपासण्या होऊ द्या. टाळाटाळ करू नका.

चाळिशीनंतर हाडात एक किंवा अनेक डाग दिसले, तर कड कितीही रेखीव असो, दुसरीकडून पसरलेला कॅन्सर आणि मायलोमा हे दोन आधी मनात आणायचे. हाडात सुरू झालेल्या कॅन्सरपेक्षा हे दोन कितीतरी जास्त आढळतात. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड हे पाच मुख्य उगम. प्रोस्टेटचे डाग बहुधा पांढरे, मूत्रपिंड आणि थायरॉइडचे काळे, फुगवटा आणणारे आणि रक्ताने भरलेले. मूत्रपिंडातून आलेल्या गाठीत बेसावधपणे सुई घातली तर रक्तस्राव आवरणं अवघड जातं, म्हणून उगम आधी शोधायचा. छाती-पोटाचा सीटी त्यासाठीच.

कॅल्शियमचं नाव घेतलं त्याला आणखी एक कारण आहे. पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असेल तर हाडात ब्राऊन ट्यूमर होतो. तो फिल्मवरही आणि स्लाइडवरही जायंट सेल ट्यूमरसारखा दिसतो. रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (त्या ग्रंथीचं हार्मोन) बघितलं की उलगडा होतो, आणि ग्रंथीवर उपचार केले की हाड भरून येतं. एवढ्या साध्या रक्त तपासणीने एखाद्याचं हाडाचं ऑपरेशन टळतं, म्हणून कुठल्याही जायंट सेल ट्यूमरच्या आधी ही तपासणी झालीच पाहिजे असा माझा आग्रह असतो.

उलट बाजूही आहे. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या बाईच्या कमरेच्या हाडात एक पांढरा ठिपका दिसतो आणि घर हादरतं. कितीदा तो नुसता बोन आयलंड असतो, हाडातच राहून गेलेला घट्ट हाडाचा कण. त्याची कड जवळून बघितली तर बारीक काटेरी असते, आजूबाजूच्या जाळीत मिसळत जाते. सीटीवर घनता मोजता येते. सरासरी ८८५ हाउन्सफील्ड युनिटपेक्षा जास्त भरली तर बोन आयलंडच्या बाजूने कल जातो, आणि जुन्या स्कॅनवर तसाच दिसत असेल तर मी निश्चिंत होते.

मुलीचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, जुना एक्स-रे शोधायला तुम्ही सांगितलंत आणि बायकोला आठवलं, मुलगी सायकलवरून पडली होती तेव्हा त्याच गुडघ्याचा एक्स-रे काढला होता, दोनेक वर्षांपूर्वी. कपाटाच्या वर फाइलमध्ये सापडला. खिडकीच्या काचेवर दोन्ही फिल्म धरून बघितल्या. मला समजत नाही, पण जुन्यातही तिथे काहीतरी आहे! तेव्हाच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नाही. जुन्यात तो डाग वाढीच्या पट्टीच्या अगदी जवळ आहे, आता पट्टीपासून बराच वर गेलाय. सरकला म्हणजे पसरला का?

दुसऱ्या डॉक्टरांना मी विचारलं, बायोप्सीत कॅन्सर निघाला तर पुढचं ऑपरेशन तुम्हीच करणार का? त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की नाही, मोठ्या सेंटरला पाठवावं लागेल. मग मी बायोप्सीची घाई नको म्हणालो, त्यांनाही ते पटलं.

काळी_पांढरी_फिल्म

दोन्ही फिल्म घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा, आजच जमलं तर आजच. सरकला म्हणजे पसरला असं नाही. हाडाची लांबी त्या पट्टीपाशी वाढते. डाग आहे तिथेच असतो, पट्टी त्याच्यापासून लांब जाते आणि मधे नवं हाड येतं. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाची ही नेहमीची चाल आहे. दोन वर्षांत डाग मुलीच्या वाढीच्या मानाने तेवढाच राहिला असेल आणि किनार पांढरी असेल, तर त्याच्या वेगाबद्दल जे कळायचं ते दोन फिल्मनी सांगितलं. हे मी तुमच्या वर्णनावरून म्हणतेय, मोजमाप प्रत्यक्ष फिल्मवरच व्हायला हवं.

डॉक्टरांना एवढं विचारा: डाग हाडाच्या रुंदीच्या किती हिश्श्यात आहे? निम्म्याहून जास्त रुंदी व्यापली असेल तर हाड तिथे मोडण्याची भीती असते, मग खेळावर बंधनं किंवा कधी ऑपरेशनचाही विचार होतो. तुमच्या रिपोर्टमधल्या १.२ सेंटीमीटरवरून तसं वाटत नाही, पण त्यांच्या तोंडून ऐका. पुढचा एक्स-रे कधी हे ते सांगतील. तो काढताना जुन्या दोन्ही फिल्म बरोबर न्या आणि पाय त्याच स्थितीत ठेवून, त्याच दोन बाजूंनी काढायला सांगा, नाहीतर तुलना फसते. बरा होऊ लागला की तो दांडीच्या बाजूने पांढरा व्हायला लागतो आणि मग हळूहळू आजूबाजूच्या हाडात मिसळतो. याला वर्षं लागतात, मधल्या काळात रिपोर्टमध्ये 'स्क्लेरोटिक लीजन' असं नवं नाव दिसलं तर दचकू नका.

मधल्या काळात तिथे रात्रीचं दुखणं सुरू झालं, हाताला गोळा लागला किंवा ती लंगडायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. तसं काही नसेल तर डॉक्टर हो म्हणाले की तिला खेळू द्या. आणि मूळ फिल्म कुठेही जमा करू नका, कॉपी द्या.